चुकून आलेले पैसे परत करावेच लागतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपली रक्कम एका आकड्याच्या चुकीने भलत्याच खात्यात जाते, किंवा आपल्या खात्यात कुणाचे तरी पैसे येऊन पडतात, तेव्हा आजूबाजूचे सगळेच कायदेपंडित होतात. कुणी म्हणतो, 'गेले ते गेले.' कुणी म्हणतो, 'तुम्ही थोडेच मागितले होते, ठेवून घ्या.' दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. भारतीय कायद्याचे याबाबतचे उत्तर दीडशे वर्षांहून जुने आहे आणि बरेचसे स्पष्टही आहे. लोकांना नेहमी पडणाऱ्या शंका आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

कायद्यात हे नेमके कुठे लिहिले आहे?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये. ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसे दिले गेले किंवा एखादी वस्तू सोपवली गेली, त्याने ती परत केलीच पाहिजे, एवढाच त्याचा आशय आहे. कलम एका वाक्याचे आहे.

त्याच्या खाली कायद्यानेच दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात दोघांवर मिळून तिसऱ्याचे शंभर रुपये कर्ज आहे. एक जण ते सगळे फेडतो. दुसऱ्याला याचा पत्ता नसतो, म्हणून तोही शंभर रुपये देऊन मोकळा होतो. तिसऱ्याने दुसऱ्यांदा आलेले शंभर रुपये परत करायचे. दुसऱ्या उदाहरणात रेल्वे कंपनी बेकायदा जादा भाडे घेतल्याशिवाय माल सोडत नाही आणि मालाचा धनी नाइलाजाने पैसे भरतो. भाड्यातला जेवढा भाग बेकायदा, तेवढा त्याला परत मागता येतो.

आमच्यात कसलाही करार नव्हता. मग करार कायदा कसा लागू होतो?

कलम ७२ हे त्या कायद्याच्या पाचव्या प्रकरणात आहे. करार झालेला नसतानाही करारासारखी बांधिलकी तयार करणाऱ्या संबंधांचे ते प्रकरण आहे. तुम्ही सही केली नाही, शब्द दिला नाही, समोरच्याचे तोंडही पाहिले नाही, तरी पैसे परत करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ती तुमच्या संमतीवर अवलंबून नाही. दुसऱ्याच्या नुकसानीतून आपला फायदा होऊ नये, हा तिचा पाया आहे. रोमन कायदेपंडित पोम्पोनियसने हे तत्त्व मांडले होते. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६० साली 'मोझेस विरुद्ध मॅकफर्लन' या खटल्यात नैसर्गिक न्यायाच्या आधारे तेच सांगितले.

म्हणूनच 'आमचा काही संबंध नाही' हा बचाव इथे चालत नाही. उलट, संबंध नसताना पैसे आले हीच परतफेडीच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

चूक पाठवणाऱ्याच्या हलगर्जीपणाने झाली. त्याची शिक्षा त्यानेच भोगायला नको का?

नको. हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. १८४१ सालच्या 'केली विरुद्ध सोलारी' या इंग्रजी खटल्यात एका विमा कंपनीने मृताच्या पत्नीला विम्याची रक्कम दिली. हप्ता न भरल्याने पॉलिसी आधीच बंद पडली होती आणि हे कंपनीच्या संचालकांना सांगितलेही गेले होते, पण पैसे देताना ते त्यांच्या लक्षात राहिले नाही. देणाऱ्याने निष्काळजीपणा केला एवढ्यावरून त्याचा परत मागण्याचा हक्क जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय कलमातही 'काळजी घेऊन केलेली चूक' अशी अट नाही. चूक होती का आणि रक्कम देणे लागत होती का, एवढेच पाहिले जाते.

मला हे योग्य वाटते. घाईत आकडा चुकणे हा काही अपराध नाही. आणि अपराध असता, तरी त्याचा दंड भलत्याच माणसाच्या खिशात जाण्याचे कारण नव्हते.

'चूक' म्हणजे कोणकोणती चूक?

वस्तुस्थितीबद्दलची चूक सगळ्यांच्या लक्षात येते: खाते क्रमांक चुकला, एकच बिल दोनदा भरले, एक शून्य जास्त पडले, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच माणसाला पैसे गेले, आधी फेडलेले कर्ज पुन्हा फेडले.

खरा वाद बरीच वर्षे कायद्याबद्दलच्या चुकीवरून होता. एखाद्याने कायदा चुकीचा समजून, म्हणजे 'हे आपल्याला भरावेच लागते' असे वाटून पैसे भरले, तर ते परत मिळतात का? शंका येण्याला कारण होते. त्याच अधिनियमाचे कलम २१ म्हणते की भारतातल्या कायद्याबद्दलच्या चुकीमुळे करार रद्द करता येत नाही. १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळी भारतातली शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनमधल्या न्यायपीठाने, 'शिवप्रसाद सिंह विरुद्ध श्रीशचंद्र नंदी' या प्रकरणात ही गाठ सोडवली. कलम २१ हे झालेल्या कराराबद्दल आहे आणि कलम ७२ हे देणे नसताना दिलेल्या पैशांबद्दल. दोन्ही एकमेकांना छेद देत नाहीत. जे देणे नव्हते ते देणे आहे असे वाटून पैसे दिले गेले, की कलम ७२ लागू होते, मग ते वाटणे वस्तुस्थितीबद्दल असो की कायद्याबद्दल.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली 'कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ' प्रकरणात हेच मत स्वीकारले. एका पेढीने चांदीच्या वायदे व्यवहारांवर विक्रीकर भरला होता. तसा कर लावण्याचा राज्याला अधिकारच नव्हता, असे पुढे उच्च न्यायालयाने ठरवले. भरलेला कर परत करावा लागला.

आणि काय 'चूक' धरली जात नाही?

देणे नाही हे पुरते ठाऊक असताना स्वखुशीने दिलेले पैसे. बक्षीस, मदत, देणगी, आणि नंतर झालेला पश्चात्ताप. सौदा महागात पडला, हीदेखील चूक नव्हे. ठरल्या किमतीला घेतलेली वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळत होती म्हणून कलम ७२ खाली पैसे मागता येत नाहीत.

मी यूपीआयने चुकीच्या क्रमांकावर पैसे पाठवले. आता काय करू?

आधी वेळ दवडू नका. ज्या ॲपमधून पैसे पाठवले त्यातच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. लगोलग तुमच्या बँकेला लेखी कळवा: तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर पैसे जायला हवे होते ते आणि जिथे गेले ते. फोनवर सांगितले असले तरी ईमेल किंवा शाखेत पोच घेतलेला अर्ज हवाच. पुढे दावा लावायची वेळ आली, तर तुम्ही चूक लक्षात येताच हालचाल केली याचा तोच पुरावा असतो.

तुमची बँक मग समोरच्या बँकेशी संपर्क साधते आणि ती बँक खातेदाराला विचारते. खातेदार 'हो' म्हणाला तर पैसे परत येतात. बरीच प्रकरणे इथेच मिटतात, कारण बहुतेक माणसे प्रामाणिक असतात. समोरच्याचा फोन क्रमांक तुमच्याकडे असेल तर स्वतःही संपर्क करा, पण धमकीने सुरुवात करू नका. अनोळखी माणसाने अचानक पैसे मागितले की कुणीही सावध होतो. व्यवहाराचा तपशील पाठवा आणि 'तुमच्या बँकेकडून खात्री करून घ्या' असे सांगा.

बँकेने तक्रारीची दखलच घेतली नाही, किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतली त्रुटी पाहतो. पैसे घेऊन बसलेल्या माणसावर तो हुकूम काढत नाही. त्या माणसाने नकार दिला असेल तर नोटीस आणि दिवाणी दावा हाच रस्ता आहे.

बँक त्याच्या खात्यातून परस्पर पैसे का काढून देत नाही?

कारण तुमच्या सांगण्यावरून बँक दुसऱ्याच्या खात्यात हात घालू लागली, तर उद्या कुणाच्या सांगण्यावरून तुमच्याही खात्यात हात घालील. चूक खरी होती की देणे फेडून झाल्यावर मन बदलले, हे ठरवणे बँकेचे काम नाही. बँकेच्या स्वतःच्या नोंदीत चूक झाली असेल, उदाहरणार्थ एकच रक्कम दोनदा जमा केली, तर ती नोंद बँक दुरुस्त करते. तिथे गोष्ट वेगळी आहे.

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये कित्येक वर्षे रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होत आली. तुम्ही लिहिलेले नाव त्या खात्याच्या नावाशी जुळवून पाहिले जात नसे. आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे खातेच नसले तर पैसे परत येत. पण त्या क्रमांकाचे दुसऱ्या कुणाचे खाते असले तर तिथे जमा होत. हे टाळण्यासाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवणारी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. ते नाव दिसले की थांबून वाचा. माझ्या मते या सगळ्या प्रश्नोत्तरांपेक्षा ते पाच सेकंद अधिक उपयोगाचे आहेत.

माझ्या खात्यात अनोळखी पैसे आलेत आणि कुणी तरी फोन करून परत मागतोय. लगेच पाठवू का?

परत करण्याची इच्छा योग्य आहे, पण फोनवरच्या माणसाला थेट पाठवू नका. आधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम खरोखर जमा झाली आहे का ते बघा. नुसत्या संदेशावर विसंबू नका. 'चुकून तुमच्याकडे पैसे आले' असे सांगणारे बनावट संदेश पाठवून लोकांकडून त्यांचेच पैसे काढून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो.

रक्कम खरोखर आली असेल तरी धोका संपत नाही. ती कुणाला तरी फसवून काढलेली असू शकते. फसवणूक करणारा ती तुमच्या खात्यातून फिरवून पुढच्या खात्यात नेऊ पाहत असतो. तुम्ही त्याने सांगितलेल्या तिसऱ्याच खात्यात पैसे पाठवले, तर पोलीस तपासाच्या साखळीत तुमचे खाते येते आणि गोठवलेही जाऊ शकते. शिवाय ज्याचे पैसे गेले तो पुन्हा तुमच्याकडेच मागणी करील.

म्हणून बँकेला लेखी कळवा: 'अमुक तारखेला अमुक रक्कम जमा झाली आहे, ती माझी नाही, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवावी.' तोवर रकमेला हात लावू नका. फसवणुकीचा संशय असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंद करा. या पत्राची पोच ज्याच्याकडे आहे, त्याच्या हेतूबद्दल सहसा कुणी शंका घेत नाही.

पैसे माझेच समजून मी खर्च करून टाकले. तरीही द्यावे लागतील?

बहुतेक वेळा, हो. कन्हैयालाल सराफ प्रकरणात सरकारने कराचे पैसे नेहमीच्या कामकाजात खर्च झाल्याचे सांगितले होते. कलम ७२ चे शब्द इतके स्पष्ट आहेत की केवळ पैसे खर्च झाले म्हणून परतफेड टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडमध्ये १९९१ पासून 'पैसे मिळाल्यामुळे मी प्रामाणिकपणे माझी परिस्थिती बदलली' असा बचाव मान्य आहे. आपल्याकडे तो तसाच्या तसा गृहीत धरू नये. देणाऱ्यानेच 'हे तुमचेच आहेत' अशी खात्री दिली, त्या भरवशावर तुम्ही पाऊल उचलले आणि आता तोच उलटला, तर प्रतिबंधाचा, म्हणजे दिलेल्या शब्दावर दुसरा विसंबला की त्यापासून मागे फिरता येत नाही असा, मुद्दा मांडता येतो. पण तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो.

एकरकमी देणे शक्य नसेल तर हप्ते मागा आणि ते लेखी ठरवा.

पाठवणाऱ्याकडे माझे जुने येणे आहे. चुकून आलेली रक्कम त्यात वळती करू का?

येणे ठरलेले असेल, त्याने ते कबूल केलेले असेल आणि मुदतीत असेल, तर वजावटीचा मुद्दा मांडता येतो. 'देणे नसताना दिले' असे त्याला तेवढ्या रकमेपुरते म्हणणे अवघड जाते. पण येणे वादग्रस्त असेल तर चुकून आलेल्या पैशांवर बसून राहणे म्हणजे आपल्याच प्रकरणात आपणच न्यायाधीश होणे. अशा वेळी स्वतःच्या येण्याची वेगळी मागणी करावी.

पैसे परत न करणे हा गुन्हा आहे का?

मुळात ही दिवाणी जबाबदारी आहे. पण आपले नाहीत हे कळल्यावरही लबाडीने पैसे वापरले तर प्रकरण फौजदारी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०३ मध्ये, जंगम मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराची तरतूद आहे. शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड. वस्तू हातात येताना हेतू स्वच्छ होता, एवढे पुरेसे नाही. आपली समजून नेलेली वस्तू दुसऱ्याची आहे हे कळल्यावर लबाडीने स्वतःकडे ठेवली तर अपहार होतो, असे उदाहरण कायद्यातच आहे.

'हे पैसे माझेच आहेत' असे प्रामाणिकपणे वाटत असेल आणि त्याला काही आधार असेल, तर तो गुन्हा नाही. तो दिवाणी वाद आहे. म्हणून वसुलीचे हत्यार म्हणून उठसूट पोलीस ठाण्यात जाऊ नये. मात्र समोरच्याने मान्य करूनही पैसे उडवले, खाते रिकामे केले, फोन बंद केला, तर फौजदारी तक्रारीला जागा आहे.

मला वर्षानुवर्षे चुकीने जास्त पगार दिला गेला. आता एकदम वसुली काढली आहे. काय करता येईल?

या प्रश्नाचे उत्तर इतर उत्तरांपेक्षा वेगळे आहे, आणि तसेच असायला हवे. वेतनश्रेणी ठरवताना कार्यालयाने चूक केली, कर्मचाऱ्याने कसली माहिती दडवली नाही, पैसे घरखर्चात आणि मुलांच्या शिक्षणात गेले, आणि निवृत्तीच्या तोंडावर लाखांची वसुली आली, तर नियमाची काटेकोर अंमलबजावणी त्या घराला उद्ध्वस्त करते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी 'पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह' या निकालात शासकीय नोकरीत वसुली करू नये अशा परिस्थिती सांगितल्या. वर्ग तीन आणि वर्ग चारचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. जादा रक्कम आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर. वरच्या पदाचे काम चुकीने करून घेऊन त्याचा पगार दिला असेल तर. आणि जिथे वसुली इतकी अन्यायकारक ठरेल की मालकाच्या हक्काचे पारडे हलके पडेल, अशी इतर प्रकरणे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. वेतनश्रेणीचा विकल्प देताना 'जादा रक्कम आढळल्यास परत करीन' असे हमीपत्र दिले असेल, तर 'जगदेव सिंग' प्रकरणातल्या २०१६ च्या निकालानुसार हा आधार डळमळतो. त्या प्रकरणातले अधिकारी वरिष्ठ श्रेणीतले होते, त्यामुळे खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्याने हमीपत्र दिसताच हार मानू नये. दुसरे, ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याच्यावर कोसळणारा त्रास पाहून न्यायालय देते. २०२२ च्या 'थॉमस डॅनियल' निकालात हे पुन्हा सांगितले गेले. म्हणून आपल्या परिस्थितीचे कागद जोडा: निवृत्तीची तारीख, वर्ग, किती वर्षांची रक्कम, चूक कुणाची. खोटी माहिती देऊन जादा पगार घेतलेल्याला ही ढाल मिळत नाही.

खासगी नोकरीत जादा दिलेला पगार पुढच्या पगारातून वळता करता येतो. पण वेतन संहिता, २०१९ नुसार एका वेतन कालावधीतली एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. एकाच महिन्यात सगळा पगार कापून घेणे चालत नाही.

सरकारला चुकून जास्त कर भरला गेला तर?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही. तरीही थेट कलम ७२ घेऊन धावू नका. त्या त्या कर कायद्यात परताव्याची पद्धत आणि मुदत दिलेली असते, जीएसटीत साधारणपणे दोन वर्षे. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 'मफतलाल इंडस्ट्रीज' प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरवली. ज्याने कराचा बोजा आधीच गिऱ्हाइकावर टाकला, त्याला परतावा मिळणार नाही, कारण नुकसान त्याचे झालेलेच नाही.

किती वर्षांपर्यंत मागता येते?

तीन वर्षे. पण ती कधीपासून मोजायची, इथे मेख आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे चुकीवर आधारलेल्या दाव्याची मुदत चूक कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून धरतात. पासबुक चार वर्षे उघडलेच नाही, म्हणून चूक आज कळली, हे सांगून भागेलच असे नाही.

व्याज मिळते का?

मिळू शकते. त्यासाठी नोटीशीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा. व्याज अधिनियम, १९७८ नुसार लेखी करार नसताना न्यायालय नोटीशीत नमूद केलेल्या तारखेपासून व्याज देऊ शकते. एक ओळ लिहायची राहिली म्हणून अनेकांचे नोटिशीपासून दाव्यापर्यंतचे व्याज बुडते.

पैशांऐवजी वस्तू चुकून आली तर?

नियम तोच, कारण कलमात वस्तूंचाही उल्लेख आहे. वापरू नका, कळवा, नेण्याची व्यवस्था त्यांना करू द्या.

ज्याच्याकडे पैसे गेले तो वारला. मग?

जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते. वारसांना जेवढे मिळाले तेवढ्यापुरतेच त्यांच्याकडून वसूल करता येते. त्यांच्या स्वतःच्या कमाईवर हक्क सांगता येत नाही.

रक्कम लहान आहे, वकिलाचा खर्च परवडत नाही. सोडून द्यायचे का?

लगेच नाही. आधी साधी नोटीस स्वतः लिहा: काय घडले, किती रक्कम, पुरावा कोणता, किती दिवसांत परत हवी आणि त्यानंतर किती व्याज. पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. त्याने काम झाले नाही, तर दावा लावण्याआधीही जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. समोरचा तडजोडीला आलाच नाही तर दावा लावावा लागतो. त्यासाठी महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास मिळतो. अर्ज जवळच्या न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात करता येतो.